सोयूझ-पाचचं उतरणं

"ढकलू नकोस गं! नुसती ढकलतीयस!"

हेमलताबाईंचा आवाज शर्वरीला दोनदा ऐकू आला, एकदा हेडफोनमधून आणि एकदा भिंतीपलीकडून. तिने घाईने जॉयस्टिक मागे ओढली. व्हायचं तेच झालं. सोयूझ-चारचं टोक सोयूझ-पाचच्या कडेला घासलं, दोन्ही यानं एकमेकांपासून लांब फेकली गेली आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटली : मोहीम अयशस्वी.

शर्वरीने हेडफोन टेबलावर आपटला. रविवारची दुपार होती. दवाखाना बंद होता, पंखा फिरत होता, आणि ती गेले कित्येक रविवार करत होती तेच करत होती. सत्तर वर्षांपूर्वी रशियाने अवकाशात जोडलेली दोन यानं पुन्हा जोडू पाहत होती, आणि तिला ती जोडता येत नव्हती.

"पुन्हा," पलीकडच्या खोलीतून आई म्हणाली.

"आता नको. डोकं उठलंय माझं."

"माझं यान दगडासारखं स्थिर होतं. तुला फक्त सरळ यायचं होतं."

हे खरं होतं, आणि त्याचाच शर्वरीला सगळ्यात जास्त राग येत होता.

शर्वरी घोरपडे फिजिओथेरपिस्ट होती. कराडात, घराच्या पुढच्या दोन खोल्यांत तिचा दवाखाना होता आणि मागच्या बाजूला दोघी मायलेकी राहत. हेमलताबाई एका मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. त्याआधी त्या महाराष्ट्राच्या संघातून खो-खो खेळल्या होत्या. खांबावर सूर मारून गडी बाद करणारी म्हणून त्यांचं नाव होतं. वयाच्या सत्तरीतही त्या गच्चीवर दोरीच्या उड्या मारत. मग त्यांच्या मूत्रपिंडाला जंतुसंसर्ग झाला, तो रक्तात पसरला, आणि जेंटामायसिनच्या इंजेक्शनांनी त्यांचा जीव वाचला. जीव वाचला, पण तोल गेला.

आपल्या कानाच्या आत, ऐकण्याच्या भागाला लागूनच, तोल सांभाळणारा एक अवयव असतो. त्यात द्रवाने भरलेल्या तीन वाटोळ्या नळ्या असतात आणि दोन इवल्या पिशव्या. डोकं किती आणि कुठे वळलं हे नळ्यांमुळे कळतं. खाली म्हणजे कुठे, हे पिशव्यांमुळे कळतं. ही खबर देण्याचं काम केसासारखी टोकं असलेल्या पेशी करतात, आणि काही माणसांच्या बाबतीत जेंटामायसिन नेमकं त्या पेशी मारतं. त्या पुन्हा उगवत नाहीत. हेमलताबाई घरी आल्या तेव्हा त्यांना उभं राहता येत होतं, पण डोळे मिटले की त्या पडत. चालताना समोरच्या पाट्यांवरची अक्षरं उड्या मारत. अंधारात बाथरूमला जायचं तर भिंत धरून, सरपटल्यासारखं.

सुदैवाने पेशी मेल्या तरी त्यांच्यामागची नस जिवंत असते. त्यासाठीच तो बँड निघाला होता. हेअरबँडसारखा डोक्यावर बसणारा, दोन्ही कानांच्या मागे गार चकत्या टेकवणारा. डोक्याची हालचाल मोजायची आणि कातडीतून त्या नसेला अगदी क्षीण वीज द्यायची, एवढंच त्याचं काम. मेंदूला खबर कुठून आली याच्याशी कर्तव्य नसतं. खबर नियमित आली की तो हळूहळू तिच्यावर विसंबायला शिकतो. फक्त शिकवावं लागतं. रोज, कंटाळा येईपर्यंत.

आणि इथेच घोडं अडलं. रेघेवरून चाल, उशीवर उभी राहा, माझ्या बोटाकडे बघत मान हलव. शर्वरीने इतर रुग्णांना सांगायचं ते सगळं आईला सांगितलं.

"मी बालवाडीत आहे का?" आई म्हणाली. शर्वरीने आधाराला हात पुढे केला तर तो झटकून टाकला. "हात लावायचा नाही. पडले तर पडले."

'कक्षा' हा खेळ शर्वरीनेच आणला. अवकाशयान चालवण्याचा खेळ होता तो, पण नुसता दिखाऊ नव्हता. पृथ्वीचं गुरुत्व, इंधनाचं वजन, वरच्या थरातली विरळ हवा, सगळं खऱ्या गणिताने चालायचं. बँड बनवणाऱ्या कंपनीने तो 'कक्षा'ला जोडायची सोय केली होती. यान वळलं की बँड नसेला तसा संदेश द्यायचा. धडधाकट तरुण मंडळी गंमत म्हणून बँड विकत घेत होती. शर्वरीचा विचार साधा होता. आई व्यायाम करत नाही, निदान खेळेल तरी.

पहिल्याच दिवशी हेमलताबाई कक्षेत गेल्या आणि त्यांनी यान एकदा सावकाश फिरवून पाहिलं. मग म्हणाल्या, "शर्वरी, खाली कुठे गेलं?"

"म्हणजे?"

"खाली नाहीच. बूड खुर्चीला टेकलंय ते कळतंय मला. पण खाली नाही."

शर्वरीने स्वतः बँड लावून पाहिला. थोडं गरगरलं, बाकी काही नाही. होणारही नव्हतं. तिचे कान शाबूत होते. बँडने कितीही सांगितलं की आपण तरंगतोय, तरी तिचे स्वतःचे कान ओरडून सांगत होते की तू कराडात खुर्चीत बसली आहेस. आईच्या कानात असा विरोध करणारं कुणी उरलं नव्हतं. बँड सांगेल तेच खरं. लाखो खेळाडूंत बहुधा मूठभर माणसांनाच खरोखर वजनहीन वाटत असेल, आणि ती सगळी आईसारखी, तोल गमावलेली.

थोड्याच दिवसांत हेमलताबाई यान असं धरून ठेवू लागल्या की बघत राहावं. आणि मग त्यांना 'जसंच्या तसं' स्पर्धेचा शोध लागला.

अमेरिका आणि रशियाच्या शर्यतीतल्या जुन्या मोहिमा जशा झाल्या तशाच पुन्हा उडवायच्या, अशी ती स्पर्धा. मूळ मोहिमेत जे घडलं ते सगळं घडलं पाहिजे, चुकांसकट. बाहेरची मदत चालणार नाही. प्रत्येक प्रयत्न एक पंच कॅमेऱ्यातून पाहणार. हेमलताबाईंनी निवडली ती १९६९ च्या जानेवारीतली, सोयूझ-चार आणि सोयूझ-पाचची. एका यानात एक माणूस, दुसऱ्यात तीन. दोन्ही यानं कक्षेत जोडायची, पाचमधली दोन माणसं बाहेरच्या पोकळीतून चारमध्ये जाणार, आणि मग दोन्ही यानं वेगवेगळी खाली येणार.

"हा खो देण्याचाच प्रकार आहे की," त्या खुशीत म्हणाल्या. "मी पाच. तू चार."

ती दोन माणसं खेळच हलवायचा. यानं मात्र मायलेकींनाच चालवायची होती. पाचने आपलं तोंड चारकडे धरून राहायचं, चारने पुढे येऊन आपलं टोक त्यात बसवायचं. म्हणजे अवघड भाग शर्वरीकडे.

त्यांची पंच होती चंद्रपूरची राजश्री उईके. आवाजावरून पंचविशीतली, अतिशय अदबीची आणि अतिशय कडक. एकदा यानं जुळली, शर्वरीने किंचाळून टाळी वाजवली, आणि राजश्री म्हणाली, "ताई, अभिनंदन. पण झडपा उघडायचा क्रम चुकला. नामंजूर करावं लागतंय, माफ करा." दुसऱ्या वेळी वीज गेली. तिसऱ्या वेळी ऐन मोक्याला रुग्णाने दार ठोठावलं, त्याची पाठ धरली होती. बाकी सगळ्या वेळी शर्वरीचाच हात चुकला.

आणि दर खेपेला लाल अक्षरं आली की आई बँड काढून ठेवायची आणि म्हणायची, "पुन्हा कधी?"

बिनसतंय हे शर्वरीच्या लक्षात उशिरा आलं. आधी आई खेळानंतर थोडा वेळ बसून राहायची. पुढे संध्याकाळपर्यंत बसून राहू लागली. बँड चालण्याच्या सेटिंगवर टाकला तरी पाय टाकताना तिला जमीन शोधावी लागे. पूर्वी निदान भिंत धरून सरळ जायची, आता भिंतीवरच कलायची. एका सोमवारी सकाळी शर्वरी एका आजोबांचा खांदा फिरवत होती तेव्हा मागच्या अंगणातून बादली आपटल्याचा आवाज आला. ती धावली. हेमलताबाई कपडे वाळत घालायच्या दोरीखाली पडल्या होत्या, ओल्या साडीत गुंडाळल्यासारख्या. कपाळाला खोक पडली होती.

"काही नाही झालं. दोरीकडे वर बघितलं, आणि वर कुठे आहे तेच कळेना," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांकडे तीन टाके घालून आल्यावर शर्वरीने आपल्या टॅबवर बँडचं सेटिंग उघडलं. रुग्णाचा बँड थेरपिस्टच्या ताब्यात असतो. तिने 'कक्षा'ची जोडणी बंद केली आणि कुलूप घातलं.

"हे काय केलंस?"

"तुला चालता यावं म्हणून दिला होता बँड. तू होतीस तेवढीही राहिली नाहीस."

"मला विचारलंस?"

"काय विचारायचं? कपाळ बघ आरशात."

हेमलताबाईंनी कपाळावरच्या टाक्यांना बोट लावलं. मग शांतपणे म्हणाल्या, "तुला माहीत आहे का, सकाळी डोळे उघडल्यापासून मी पडायची वाट बघत असते. चहा घेताना, केस विंचरताना, पदर सारखा करताना. तिथे वर पडायला जागाच नाही. दिवसातून तेवढा एक तास मी घाबरलेली नसते." एवढं बोलून त्यांनी बँड काढला आणि खिडकीत ठेवून दिला. "नको मला. खेळाचाही नको आणि तुझ्या चालण्याचाही नको."

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. आई पुन्हा भिंतीला धरून सरपटू लागली. बोलणं जेवणापुरतं. शर्वरी दिवसभर परक्यांचे गुडघे आणि माना सरळ करायची आणि मागच्या खोलीत आली की तिला स्वतःच्याच हातांची चीड यायची. दुसऱ्या कुणाच्या आईने असं केलं असतं तर तिने समजूत घातली असती, युक्ती केली असती. स्वतःच्या आईपुढे तिला एकच गोष्ट सुचली होती, कुलूप.

एका दुपारी वैतागून तिने खेळ सुरू केला. एकटीने. दवाखान्यातला दुसरा बँड डोक्याला लावला आणि आईचं यान घेतलं, सोयूझ-पाच. आईला तिथे असं काय मिळतं ते तिला बघायचं होतं. अर्थात तिला ते मिळालं नाही. नुसतं गरगरलं. पण बंद करायच्या ऐवजी ती तशीच पुढे गेली. यान जोडायची भानगड नव्हतीच, म्हणून तिने सरळ परतीचं इंजिन पेटवलं. साधं, नेहमीचं उतरणं. यान हवेच्या थराला टेकलं आणि बँडचा संदेश बदलू लागला. आधी अगदी हलकं, पाठीमागे कुणी बोट टेकवावं तसं. मग जड, आणखी जड, मग हवाई छत्री उघडल्याचा झटका, आणि मग जमीन. तिच्या शाबूत कानांनाही ते जाणवलं. खाली परत आलं होतं, एकदम नाही, पायरी-पायरीने.

मग तिच्या लक्षात आलं. इतक्या रविवारांत त्या दोघी इथवर कधी आल्याच नव्हत्या. दर वेळी मोहीम जोडणीपाशी किंवा जोडणीनंतर लगेच फसली होती, आणि दर वेळी लाल अक्षरं येताच आईने बँड काढला होता. कक्षेत असतानाच. खेळ संपत होता, पण आईच्या मेंदूला आपण उतरलो असं कुणी सांगतच नव्हतं. तो वरच राहत होता. रविवारमागून रविवार, शर्वरीचा हात चुकला म्हणून.

पुण्यातल्या ज्या कानाच्या डॉक्टरांनी आईला बँड दिला होता, त्यांना तिने फोन केला. डॉ. सांगावकर सावधपणे म्हणाले, "पटण्यासारखं आहे. पण असा रुग्ण मी पाहिलेला नाही. कुणीच पाहिला नसेल. हळू जा."

शर्वरी आईच्या खोलीत गेली. "आई, माझं चुकलं होतं की नाही ते नंतर ठरवू. पण खेळायचं असेल तर एक अट आहे. दर वेळी खाली यायचं. काहीही होवो, मोहीम फसो, लाल अक्षरं येवोत, यान जमिनीवर टेकल्याशिवाय बँड काढायचा नाही."

हेमलताबाई भिंत धरत खिडकीशी गेल्या. खिडकीतला बँड घेतला, पदराने पुसला. "एवढंच ना? हे आधी सांगायचं की."

शर्वरीने टॅबवरचं कुलूप काढलं. आता रोज एक साधं उतरणं. पहिला आठवडा काहीच फरक दिसला नाही आणि शर्वरीला वाटलं, आपण पुन्हा फसलो. मग एके दिवशी आई पाण्याचा तांब्या घेऊन स्वयंपाकघरातून आली. भिंत न धरता, वाकडी, पण आली. शर्वरीने मुद्दाम काही म्हटलं नाही.

आई मात्र म्हणाली. "मोहीम कधी?"

शर्वरीला हीच भीती होती. कारण 'जसंच्या तसं'मध्ये सोयूझ-पाचचं उतरणं साधं नव्हतं. खऱ्या मोहिमेत दोन माणसं चारमध्ये गेल्यावर पाचमध्ये एकच माणूस उरला होता. परतीच्या वाटेवर त्याच्या यानाचा मागचा इंजिनांचा भाग सुटायचा होता, तो सुटलाच नाही. त्या ओझ्यामुळे यान उलटं हवेत शिरलं. जाड कवच मागे आणि पातळ दाराची बाजू पुढे. माणूस खुर्चीत दाबला जाण्याऐवजी पट्ट्यांना लोंबकळत, तोंडावर पडत राहिला. शेवटी आगीनेच तो भाग तुटला, यान गर्रकन फिरून सरळ झालं, छत्री कशीबशी उघडली आणि यान इतक्या जोराने आदळलं की त्याचे दात तुटले.

"तुझा मेंदू आत्ता कुठे खाली म्हणजे काय ते शिकतोय," शर्वरी म्हणाली. "आणि हे तुला तोंडावर पाडणार आहे. खाली पुढच्या बाजूला आहे असं त्याने धरलं तर?"

"शेवटी यान सरळ होतं ना?"

"होतं."

"मग झालं."

"आई, मध्येच थांबवताही येणार नाही मला. थांबवलं तर तू तिथेच राहशील, लोंबकळत. कळतंय का?"

"कळतंय. मी कुठे म्हणतेय थांबव?"

त्या रविवारी चमत्कार झाला. यानं पहिल्या फटक्यात जुळली. झडपा क्रमाने उघडल्या, दोन माणसं पोकळीतून सरकत चारमध्ये आली. राजश्री अवाक्षर बोलत नव्हती, म्हणजे सगळं बरोबर चाललं होतं. खेळाने मधले तास गाळून शर्वरीचं यान आधी उतरवायला दिलं. तिने ते कसंबसं उतरवलं आणि ती मागच्या खोलीत धावली.

हेमलताबाई खुर्चीत पट्टे बांधून बसल्या होत्या. यान हवेत शिरलं होतं. त्यांचं डोकं पुढे ओढलं जात होतं. खरं तर कुणी ओढत नव्हतं, पण मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या, हात हवेत काहीतरी धरायला जात होते, घशातून बारीक आवाज येत होता. टॅबवर नाडीचा आकडा चढत होता. शर्वरीचं बोट बंद करायच्या खुणेवर गेलं आणि थांबलं. बंद करायचं म्हणजे आईला तिथे सोडून द्यायचं.

आपलं यान उतरल्यामुळे ती आता बाहेरची होती, बोलायला बंदी होती. पण तोल सुटलेल्या माणसाला नुसता बोटांच्या टोकांचा स्पर्शही पुरतो, हे तिने शेकडो वेळा पाहिलं होतं. धरावं लागत नाही. मेंदूला एक खूण मिळते, की जग इथे आहे. तिने चार बोटं आईच्या कोपराला टेकवली.

आईचा श्वास सावकाश झाला. यान फिरलं, सरळ झालं, आदळलं.

"ताई," स्पीकरवरून राजश्रीचा आवाज आला. तिलाही वाईट वाटत होतं. "कॅमेऱ्यात दिसलं मला. बाहेरची मदत. नामंजूर."

हेमलताबाईंनी डोळे उघडले. "कुणी सांगितलं होतं तुला हात लावायला?"

"तू घुसमटत होतीस!"

"मैदानात गडी अडचणीत आला म्हणून कोच आत येऊन हात धरतो का? माझं होत आलं होतं! इतक्या दिवसांनी तुला यान जोडता आलं, आणि वाया घालवलंस." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुला मी पडलेलीच आवडते. उचलता येतं मग."

हे वाक्य शर्वरीला भयंकर लागलं. ती दवाखान्यात जाऊन बसली. रागाने तिचे कान तापले होते. दिलाशाची गोष्ट एवढीच होती, की आई त्याच संध्याकाळी स्वतः उठून, थोडी पुढे झुकून, स्वयंपाकघरात गेली होती आणि रागारागाने भांडी घासत होती. मेंदू वर अडकला नव्हता. तोंडावर पडलाही नव्हता.

पुन्हा यानं जुळायला पुढचे दोन महिने गेले. तेवढ्या काळात शर्वरीने दोनदा खेळ कायमचा सोडला आणि दोनदा परत धरला.

ज्या रविवारी जुळली, त्या रविवारी ती आपलं यान उतरवून आईच्या खोलीत गेली, तेव्हा सोयूझ-पाच अजून कक्षेत होतं. तिने टॅब आईच्या मांडीवर ठेवला. आईचा हात घेऊन बंद करायच्या खुणेवर टेकवला.

"थांबायचं असेल तर तू थांब. मी बाहेर जाते. इथे राहिले तर माझा हात राहणार नाही."

हेमलताबाईंची नजर पडद्यावर खिळली होती, ती लेकीकडे वळली नाही. त्यांनी नुसती मान हलवली.

शर्वरी दार ओढून बाहेर आली, फाटक उघडून रस्ता ओलांडला आणि समोरच्या बंद पिठाच्या गिरणीच्या पायरीवर बसली. ऊन कलतं झालं होतं. एक रिक्षा गेली. एका बाईने विचारलं, "दवाखाना उघडा आहे का?" शर्वरीने नाही म्हटलं आणि पुढचं काही तिला ऐकू आलं नाही. आता हवेचा थर लागला असेल. आता लोंबकळत असेल. आपण थेरपिस्ट आहोत आणि आपला रुग्ण एकटा सोडून रस्त्यावर बसलोय, असं कुणाला सांगितलं तर काय म्हणतील? ती दोनदा उठली आणि दोनदा बसली. घरातून काहीच आवाज येत नव्हता. आवाज न येणं चांगलं की वाईट, हे तिला ठरवता येईना.

मग दार उघडलं.

हेमलताबाई चौकट धरून उभ्या होत्या. केस घामाने चिकटले होते. त्यांनी चौकट सोडली, पायरी उतरल्या, थबकल्या, कुंपणाच्या भिंतीला तळहात टेकवत टेकवत फाटकापर्यंत आल्या. शर्वरी रस्ता ओलांडून फाटकापासून तीन-चार पावलांवर येऊन उभी राहिली होती. तिने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते.

"उतरले," आई म्हणाली.

"दिसतंय."

"भयंकर आहे गं ते. मध्ये वाटलं, दाबावं बटण." त्यांनी दम घेतला. "तो माणूस. उतरल्यावर त्याने काय केलं?"

"बर्फात उतरला होता. फार थंडी होती, शोधायला येणारे लांब होते. दूर धूर दिसत होता म्हणे, तिकडे चालत गेला. एका घरापर्यंत."

हेमलताबाईंनी यावर थोडा विचार केला. मग फाटक सोडून त्या दोन पावलं रस्त्यावर आल्या, कुठेही हात न टेकवता, डुगडुगत, आणि तिसऱ्या पावलाला त्यांनी शर्वरीचा दंड पकडला. चांगला घट्ट, नखं रुतेपर्यंत.

तेवढ्यात शर्वरीचा फोन वाजला. राजश्री होती. शर्वरीने स्पीकर चालू केला.

"मावशी, मी कित्येक वर्षं पंच आहे. सोयूझ-पाचचं असं उतरणं मी पाहिलेलं नाही. पूर्ण मंजूर." ती अडखळली. "पण ताई, सोयूझ-चार. तुमचं. तुम्ही उतरलात ते ठिकाण मूळ जागेपासून फार लांब आहे. नियमात बसत नाही. पूर्ण मोहीम नामंजूर करावी लागतेय."



"म्हणजे माझं बरोबर होतं," हेमलताबाई सावकाश म्हणाल्या.

"हो, मावशी."

"आणि हिचं चुकलं."

"हो."

"आई, हा काय मूर्खपणा आहे! इतकं सगळं जुळलं आणि केवळ उतरायची जागा..." शर्वरीचा आवाज चढला. ती फोनवर राजश्रीशी वाद घालू लागली, नियम काय, फरक किती, अपील कुठे करायचं. हेमलताबाई ऐकत नव्हत्या. त्यांच्या चेहऱ्यावर शर्वरीने लहानपणी मैदानाच्या कडेला उभं राहून पाहिलेला, नवशिक्या पोरींना धडकी भरवणारा भाव आला होता.

"फोन ठेव," त्या म्हणाल्या. "घाईत येतेस तू खाली. कधी एकदा यान टेकवते आणि माझ्याकडे धावते असं होतं तुला. उद्यापासून सकाळी, दवाखाना उघडायच्या आत, रोज उतरायचा सराव. मी बाजूला बसणार."

"रोज?"

"कंटाळा येईपर्यंत. आणि मी काही तुला हात लावणार नाही. चल, आत चल. आजचं एक करून घेऊ."

"आत्ता? आई, माझ्यात त्राण नाही."

"माझ्यात आहे," हेमलताबाई म्हणाल्या, आणि लेकीचा दंड धरून तिला फाटकाकडे ओढत घेऊन गेल्या.